साहेबांच्या हस्ते

छोट्याशा विमानतळाच्या व्यवस्थापकाने या कार्यक्रमासाठी जिवाचं रान केलं होतं. वारा दाखवणारा जुना, विटका कापडी मोजा त्याने कालच उतरवला होता. नवा केशरी मोजा खांबावर चढला होता खरा, पण लाल फितीने करकचून बांधलेला. अध्यक्षसाहेब स्वतःच्या छोट्या विमानातून येऊन तो उघडणार होते.

नेमकं त्याच वेळी आभाळ भरून आलं आणि वारा पिसाळला. रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला, "वारा कुठून आहे? मोजा दिसत नाहीये."

"उतरलात की दिसेल," व्यवस्थापकाने धीर दिला. "साहेबांच्या हस्तेच उघडायचाय."

"अहो, निदान आत्तापुरता तरी सोडा."

"पाहुणे यायच्या आधी? बरं दिसतं का ते?"

वारा पाठीशी घेऊनच विमान उतरलं. धावपट्टी संपली तरी थांबेना, आणि शेवटी पलीकडच्या चरात नाक खुपसून बसलं. वैमानिक फुटलेल्या कपाळावर रुमाल दाबत बाहेर आला. त्याच्यामागून चिखलाने माखलेले साहेब आले. त्यांचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता.

"अँब्युलन्स कुठे मेली?" ते कण्हत म्हणाले.

व्यवस्थापक तबक सावरत धावत आला. "ही काय साहेब, समोरच उभी आहे. नवी कोरी." गाडीच्या दारावरही लाल फीत होती. त्याने अदबीने कात्री पुढे केली. "आधी मोजा उघडताय, की हिचीच फीत कापताय? डाव्या हाताने कापलीत तरी चालेल."