झिसिसची कंबर

"बाबा, तू बांधलेल्या गाडीत हल्ली तूच का बसत नाहीस?"

हा प्रश्न विचारायची पैज मिर्तो आणि इफी या मैत्रिणींनी लावली होती. अर्गिरोने तो भर गॅरेजात विचारला, तोही गिऱ्हाईक पांदेलिस समोर बसून थंड कॉफी ओढत असताना. गाडी त्याचीच होती.

ग्रीसमधल्या व्होलोस शहराच्या या गल्लीत गॅरेजवाल्यांचा एक रिवाज होता. इंधनाची नळी ज्याने आवळली, त्याने घाटातल्या पहिल्या भरधाव चढाला चालकाशेजारी बसायचं. तिचा बाप झिसिस मागच्या तीन गाड्यांत बसला नव्हता.

"कंबर," झिसिस म्हणाला.

तुझा बाप म्हातारा झाला, असं म्हणून पांदेलिस हसला. अर्गिरोही हसली. ती तेव्हा हवेतच होती. सतराव्या वर्षी बापाने पहिल्यांदा एका गाडीच्या इंधनाची सगळी आखणी तिच्यावर सोपवली होती.

पांदेलिसला गाडी अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावर पळवायची होती. ते पेट्रोलपेक्षा बरंच जास्त लागतं. रसायनशास्त्राच्या वहीमागे तिने हिशेब मांडला: मोठा पंप, इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर, जाड नळी. नळीखाली तीनदा लाल रेघ. हे इंधन साध्या रबराला खाऊन टाकतं, आणि नळी फुटली तर तापलेल्या इंजिनावर फवारा. मग आगच. म्हणून आतून टेफलॉन, वरून पोलादी जाळी. झिसिसने तशी नळी आणून पांदेलिसच्या हातात दिली, मिरवून दाखवली.

नळी बसवल्यावर झाडलोट करताना अर्गिरोला त्या नळीचा कापलेला तुकडा सापडला. जाळी तशीच चकचकीत. आत काळं रबर. दाखवलेली नळी मात्र फळीवर होती, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

तिने तो तुकडा मुरंब्याच्या बरणीत त्याच इंधनात बुडवून ठेवला. आठवड्याने झाकण उघडलं तर रबराचा चिखल झाला होता, भाजलेल्या वांग्यासारखा लिबलिबीत.

बरणी तिने बापापुढे ठेवली. त्याने नाकारलं असतं तरी परवडलं असतं. त्याने फक्त झाकण लावलं. पांदेलिस उन्हाळ्यात दोनदा पळवेल आणि विकून टाकेल, धंद्यात सगळे हेच करतात, तूही शिकशील, असं समजुतीच्या सुरात सांगितलं आणि फडक्याला बोटं पुसली. याच बोटांनी तो रोज सकाळी तिच्यासाठी पाव कापायचा. तिला त्या पावाचीच किळस आली.

"पांदेलिसला तू सांग, नाहीतर मी सांगते."

"सांग ना. मग गॅरेजला कुलूपही तूच घाल, आणि आईला का ते पण तूच सांग."

तिने पांदेलिसला काही सांगितलं नाही. तिचं गप्प बसणंही तिला घाण वाटलं.

शनिवारी दुपारी झिसिस कॉफीच्या दुकानात पत्ते खेळायला गेला. अर्गिरोने शटर ओढलं, पान्यांची पेटी घेतली आणि गाडीत शिरली. तासाभराने बाहेर आली तेव्हा बोटांची सालटं निघाली होती.

झिसिस परतला. त्याने उघडी पेटी पाहिली, तिचे हात पाहिले. शिट्टी वाजवत हात धुवायला गेला.

रात्री आईने, ख्रिसांथीने, मिरच्या घातलेलं सॉसेज वाढलं. अर्गिरोने सांगितलं की उद्याच्या चढाला पांदेलिसशेजारी ती बसणार आहे, त्याच्याशी बोलणं झालंय.

झिसिसला तर आनंदच झाला. बसू दे की, रिवाज आहे आपला, असं तो बायकोला म्हणाला आणि लेकीकडे पाहून डोळा मिचकावला.

"धोका नाही ना रे?" ख्रिसांथीने विचारलं.

"आता नाही."

"आता म्हणजे?"

झिसिस हसत पाव कापू लागला. पोरीचा हात पक्का आहे, एवढंच म्हणाला.

"नळी मी बदललेली नाही, बाबा. तू लावलेलीच आहे," अर्गिरो म्हणाली. "दुपारी मी शेजारच्या सीटचे पट्टे माझ्या मापाचे करून घेतले. सकाळी आठला मी बसतेय."