नाव असलेला कागद

निरीक्षक बाईंनी सातवी पिशवी कटरने फाडली आणि रबरी हातमोजे घालून आतला राडा चिवडायला सुरुवात केली.

"एवढं काय शोधताय, मॅडम?" टेम्पोच्या मालकाने विचारलं. आवाजात नुसती साखर पेरलेली.

"नाव. बिल, पावती, पाकीट, काहीही. नाव असलेला एक कागद मिळाला की केस उभी राहते. नाही मिळाला तर आज ढीग उचलायचा आणि फाईल बंद. वरून तसाच हुकूम आहे."

ड्रायव्हर टेम्पोच्या चाकाला टेकून उभा होता. बाईंच्या हातांवरून त्याची नजर हलत नव्हती.

आता गंमत बघा. उतारावरचा हा रसायनांचा ढीग उचलायला नगरपालिकेने भाड्याने टेम्पो घेतला, तो नेमका याच मालकाचा. आणि ढीग इथे आणून ओतला होता तोही याच टेम्पोने, सात खेपांत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. मालकाला हे ठाऊक होतं, ड्रायव्हरला ठाऊक होतं, आणि सकाळपासून दोघांनी एकमेकांकडे धड पाहिलंही नव्हतं.

मालक पक्का बेरकी. कारखान्यांतून माल आला की गोदामात एकेक पिशवी स्वतः उघडून बघायचा. कागदाचा कपटा निघाला तरी जाळायचा. मग गळू नये म्हणून पिशवीवर पिशवी चढवून बांधायचं काम ड्रायव्हरचं.

आठवी पिशवी झाली, नववी झाली. बघ्यांच्या घोळक्यातून ड्रायव्हरची थोरली बहीण पुढे आली. उताराच्या पायथ्याशी घर तिचंच, नासलेली विहीर तिचीच, आणि तक्रारही तिचीच. तिची धाकटी मुलगी नऊ दिवसांपासून दवाखान्यात सलाइनवर होती.

"खाल्लंस का काही?" तिने विचारलं.

"भूक नाही, ताई."

"कशी असेल. भाचीवर जीव आहे तुझा." तिने पदराने नाक झाकलं. "ज्याने हे टाकलं ना, तो एकदा कळू दे. मेला समोर उभा राहिला तरी तोंड बघणार नाही मी त्याचं."

"बघू नकोसच," ड्रायव्हर म्हणाला.

कागद सापडला तर नोकरी जाणार, लायसन्स जाणार आणि ताईचं दार कायमचं बंद होणार. आठ दिवस त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. झोपेचं तर खोबरंच झालं होतं.

बाईंनी हिरव्या दोरीची पिशवी ओढली. चाकाला टेकलेला ड्रायव्हर सरळ उभा राहिला. गाठ सुटेना. त्यानेच मारलेली ती गाठ, चांगली आवळून. बाईंनी वरून कटर चालवला, आत कोपरापर्यंत हात घातला, मूठमूठ बाहेर काढून पाहिलं. चिंध्या, रंगाची ढेकळं, गंजलेली झाकणं.

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी बाजूला भिरकावली.

ड्रायव्हरने टेम्पोचा फाळका धरला.

"वाचलास, लेका," मालक त्याच्या कानाशी पुटपुटला. "तोंड पूस. घाम बघ किती आलाय."

उरलेल्या सगळ्या पिशव्यांतही काही निघालं नाही. बाईंनी हातमोजे काढले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या बहिणीजवळ गेल्या.

"माफ करा. कुणाचं काम आहे याचा अंदाज आहे मला. पण अंदाजावर केस होत नाही."

बहीण जिथे उभी होती तिथेच मटकन खाली बसली.

"मग भरू ना, मॅडम?" मालकाने विचारलं.

"भरा."

"चल रे, हात चालव," मालक ड्रायव्हरला म्हणाला.

ड्रायव्हरने फावडं उचललं. दोन पावलं गेला आणि थांबला. ताईकडे त्याला बघवेना. त्याने फावडं खाली ठेवलं, हिरव्या दोरीची पिशवी उचलली आणि बाईंच्या पायाशी आणून टाकली.

"मॅडम, ही दुहेरी आहे. दोन पिशव्यांच्या मध्ये बघा. मालकाच्या शिक्क्याची पावती आहे, खाली माझी सही. शेवटच्या खेपेला मीच घातलीय ती, तुम्हाला सापडावी म्हणून."