न विचारलेलं आडनाव

सिद्धूनं टॉमला प्लास्टिकची खुर्ची दिली. घोंगडं अंथरलं नाही. धनगराच्या घरी जावई आला की त्याला घोंगड्यावर बसवतात, आणि हा गोरा आपला जावई आहे हेच सिद्धूनं आजवर मानलं नव्हतं.

टॉमच्या मांडीवर पितळी डबा होता. डब्यात सृष्टीची राख. सिद्धूची एकुलती लेक. नर्स म्हणून इंग्लंडला गेली, तिथंच याच्याशी लग्न केलं आणि तिथंच तापाचं निमित्त होऊन गेली. सिद्धूला रडू येत नव्हतं. चहा कडू की गोड, तेही कळत नव्हतं.

"आवं," धोंडुबाई नवऱ्याला म्हणाली, "माणगंगेत राख सोडायची ती त्येच्या हातनं सोडू द्या. नवरा हाय तिचा."

"परक्याच्या हातनं न्हाई."

आटपाडीत माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचं, मग पाणी. सिद्धू तर एसटीत शेजारी बसलेल्याची सात पिढ्यांची कुळी खणून काढायचा. पण लग्नाचं सांगायला लेकीचा फोन आला, "आबा, त्येचं आडनाव तरी इचारा की," म्हणाली, तेव्हा यानं फोन आपटला. गोऱ्याला कसलं आलंय आडनाव! बापलेकीचं ते शेवटचं बोलणं.

आता तोच गोरा समोर बसला होता. मग सवयच ती मेली, सिद्धूच्या तोंडून निघूनच गेलं.

"आडनाव काय रं तुजं?"

"वेदरहेड." टॉम बायकोनं शिकवलेलं आटपाडीचं मराठी जपून बोलत होता. "लय जुनं हाय, आबा. आता थोडीच घरं ऱ्हायली."

"म्हंजी काय?"

टॉम शब्दाला अडला. डब्यावर हात ठेवून त्यानं आठवून बघितलं. मग अगदी सृष्टीच्याच हेलात म्हणाला, "मेंढरं राखणारा."

धोंडुबाईनं तोंडात पदर कोंबला.

"अजून राखता?" सिद्धूनं विचारलं.

"न्हाई. पणज्यापतूर राखली."

सिद्धू उठला. खुंटीवरचं घोंगडं काढलं, झटकलं, अंथरलं. एक कोपरा दुमडला होता, तो बराच वेळ सरळ करत बसला.

"बसा, पावनं. तिलाबी घ्या."

मग बायकोकडं न बघताच म्हणाला, "पोरीनं आपल्यातलाच केला हुता गं. म्याच इचारलं न्हाई."