मनोऱ्याची धाप

खडकावरच्या मनोऱ्यात लाट शिरली की आतली हवा धाप टाकल्यासारखी फुसफुसत बाहेर पडायची, विजेचं चक्र फिरायचं आणि कोळीवाड्यात दिवे लागायचे. आज मात्र दर्या निपचित पडला होता. तिन्हीसांजेलाच सगळी घरं काळोखात बुडाली.

फक्त दुर्पदीच्या ओटीवरचा बल्ब चालू होता.

"वयनी, वीजच नाय, मग हा पेटला कसा?" मनोऱ्याच्या वीजप्रकल्पावरचा पाटकर पायरीवरच थबकला.

दर्यावर गेलेलं माणूस परतेपर्यंत घरचा दिवा मालवायचा नाही, ही इथली रीत. दुर्पदीचा नवरा वादळात गेला तो आलाच नव्हता.

लाट नसताना दूर मनोरा धापा टाकत होता. थेट वल्हं मारून थकलेल्या तिच्या नवऱ्यासारखा.

"अवो, पुरे आता. दमलात तुमी," ती पुटपुटली आणि तिनं बटण दाबून दिवा मालवला.

दर्यावरची धाप थांबली.