काठापासून तीस मीटर

“तू बोलू नकोस. तुझी नोकरी नवी आहे. मी बघतो काय ते.”

भावोजींचा हा आवाज दहा वर्षं मोजणीदाराच्या कानात घर करून होता. नगरपालिकेच्या जिन्याच्या वळणावर, चपलेचा अंगठा नीट करता करता ते हे बोलले होते. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तितक्या सहज.

आज मोजणीदार त्यांच्याच स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा होता. भावोजी थंडीत गेले. ताई फळीवरचे डबे पोत्यात भरत होती. पालिकेचा कारकून जेवणाच्या टेबलावर पंचनामा लिहीत होता. उद्या सकाळी घर पाडायचं होतं.

“तू कशाला आलास रे?” ताई म्हणाली. “दुसऱ्या कुणाला धाडायचं. बहिणीचं घर मोडायला भावालाच पाठवतात, काय माणसं तरी.”

त्यानं पुढं होऊन पोत्याचं तोंड उघडं धरलं.

“चहा घ्या दोघं. शेगडी सगळ्यात शेवटी भरणार आहे मी.”

कारकून नको नको म्हणाला, आणि कपापुरती जागा करायला कागद बाजूला सारले.

खिडकीखाली नदी होती. उन्हाळ्यातली, नव्या नवरीसारखी अंग चोरून मधोमध वाहणारी. तिच्या अलीकडे उघडी वाळू, मग चढ, मग काठ, आणि काठापासून अठरा मीटरांवर हे घर. नियम एका ओळीचा होता: काठापासून तीस मीटर नदीचे, तिथं वीट लावायची नाही. अकरा वर्षांपूर्वी ही जागा मोजली तेव्हा असाच उन्हाळा होता, आणि मोजणीदाराच्या नोकरीचा पहिला महिना. टेपचं टोक काठावर धरायचं, ते त्यानं खाली पाण्याच्या कडेला धरलं. तीस मोजले, हद्दीचा दगड रोवला, कागदावर सही ठोकली. त्या दगडाच्या भरवशावर घर उभं राहिलं.

वर्षभरानं फेरमोजणी झाली. साहेबांनी विचारलं, दगड इतका पुढं कसा? भावोजी म्हणाले, मीच सरकवला. मग फाइल या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिली, आणि भावोजींना गावात नाव पडलं: दगडसरक्या. पोरं म्हणायची, मग थोर म्हणायचे, मग सगळेच.

कारकुनानं घसा साफ केला आणि वाचू लागला. “मयत मालक यांनी हद्दीचा दगड मूळ जागेवरून नदीच्या बाजूस सरकवून, नगरपालिकेची दिशाभूल करून, सदर बांधकाम केले...”

“माणूस गेला,” ताई म्हणाली, “दगड अजून सरकतोच आहे.”

कारकून कसनुसं हसला. “बाई, इथं सही करा.”

तिनं हात पुसले, त्याच्याकडून पेन घेतलं. मग त्या ओळीवर बोट ठेवलं. “घर पाडा. त्याला माझी ना नाही. नदीचं आहे, नदीला द्या. एवढी ओळ तेवढी गाळता येईल का?”

“ओळ गाळली तर घर का पाडलं ते कसं लिहू? कागदाला कारण लागतं.”

“लागतंच.” ती खुर्चीवर बसली. “मलाही लागलं होतं. दगडाचं कळलं तेव्हा तीन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं आणि पाठ फिरवायची. एकदा म्हटलं, चोराच्या घरात आणून बसवलंत मला. तर हसले. म्हणाले, चोराला जेवण मात्र छान घालतेस.”

मोजणीदार खिडकीबाहेर बघू लागला.

“दवाखान्यातसुद्धा विचारलं,” ती म्हणाली, आता कुणाकडेच न बघता. “म्हटलं, आता तरी सांगा, का सरकवलात? जागा थोडी कमी असती तरी मी भागवलं असतं की. तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, लाजले. म्हणून पुन्हा विचारलं नाही.”

तिनं पेन कागदाला टेकवलं. सहीचं पहिलं अक्षर उमटलं.

“थांब,” मोजणीदार म्हणाला.

त्यानं टेबलाशी येऊन कागदावर पालथा हात ठेवला, आणि कारकुनाकडे वळला. “ही ओळ खोडा. लिहा, मोजणी काठापासून केली नाही, पाण्यापासून केली. लिहा, मोजणारा मी.”

कारकुनानं खिसे चाचपले. पेन एकच होतं, आणि ते ताईच्या मुठीत होतं. ती भावाकडे बघत होती, लहानपणी तापात त्याचं कपाळ बघायची तशी.

“ताई,” तो म्हणाला, “तो दगड मी लावला तिथंच आहे. भावोजींनी त्याला कधी हातसुद्धा लावला नाही.”