एका बाहीचा कोट

"तुझ्या त्या सॉफ्टवेअरपेक्षा गोगलगाय बरी गं!" खुर्चीतून आई म्हणाली. शिंपीण लेक हसली.

एकाच कुशीत वाढलेली लेकीची जुळी बहीण जन्मताच गेली होती. तिची कुठेतरी नोंद सापडावी, एवढीच आईची आस. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र महिनोन्‌महिने 'जुळणी सुरू आहे' एवढंच दिसत होतं.

आज जुळणी झाली.

कुणीतरी मांडलेली वंशावळ उघडली. आईवडील तेच. बहीण जिवंत. शिंपिणीच्याच नावापुढे लिहिलं होतं : जन्मताच मृत.

खाली आईचा फोटो. हीच खुर्ची. अंगात लेकीनं मघाशीच मापाला चढवलेला, एकच बाही जोडलेला कोट.

"आई, हा फोटो कुणी काढला?"

आईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. दाराकडे बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"आलीस गं बाई! किती वाट बघायला लावलीस!"