थोरल्या मालकांचे शेवटचे शब्द

आयशम बोलता बोलता थांबला, तशी कोर्टापुढच्या पटांगणात एकदम शांतता पसरली. बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले.

"थोरल्या मालकांनी माझा हात धरला," त्याने आवाज खाली आणला, "आणि म्हणाले, 'मी चाललो, आयशम. या देशाला जपा.' मग त्यांनी डोळे मिटले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोल वाजले, दोरी ओढली गेली आणि पांढऱ्या कापडाखालून माजी राष्ट्राध्यक्षांचा संगमरवरी पुतळा उघडा झाला. अख्ख्या व्हर्जिनियातून माणसं आली होती. मालकांना शेवटचं पाणी पाजणारा गुलाम म्हणून आयशमला सगळे ओळखत.

पहिल्या रांगेत काळ्या रेशमी पोशाखात बाईसाहेब बसल्या होत्या, राष्ट्राध्यक्षांच्या विधवा. हे भाषण त्यांनीच त्याच्याकडून बसवून घेतलं होतं. त्यांनी मान हलवली. आयशमला बरं वाटलं. मालक गेल्यापासून त्या त्याच्याशी कधी वाकडं बोलल्या नव्हत्या.

तो पाणी प्यायला गाड्यांकडे गेला. जेवणाची गाडी घेऊन मागाहून आलेला कफी गाडीवान घोडे सोडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काय रे, तोंड का पाडलंयस? माझं भाषण ऐकून कंटाळलास वाटतं?"

"आयशमदादा, तुझ्या पोरीला, डिलीला नेलं."

"कुठं नेलं?"

"जॉर्जियाचा तो गुलामांचा व्यापारी. सकाळपासून ओढ्यापलीकडं टपून होता. बाईसाहेबांची गाडी मळ्याच्या फाटकाबाहेर पडली न् तो त्यांच्याच सहीचा विक्रीचा कागद दाखवत आत आला. पोरीला बेड्या घातल्या. तुझ्या नावानं हाका मारत होती रे."

आयशम पाणी न पिताच मागे वळला. टोपी हातात घेऊन तो थेट पहिल्या रांगेपाशी गेला.

"बाईसाहेब, माझी डिली?"

त्यांचा पंखा थांबला. "आज नको, आयशम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजचा दिवस त्यांचा आहे."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"लोक बघतायत."

लोक खरंच बघत होते. "काका, आम्ही मागं होतो, धड ऐकूच आलं नाही!" कोणीतरी ओरडलं. "मालकांचे शेवटचे शब्द पुन्हा सांग की!" दोघांनी हाताला धरून त्याला मंचावर चढवलंही.

आयशमने पुतळ्याकडे पाठ केली.

"मघाशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मालक देशाबद्दल काही बोलले नव्हते. ते बाईसाहेबांना म्हणाले, 'आयशमला आणि त्याच्या लेकीला मोकळं कर.' खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मालक गेले आणि बाईसाहेबांनी माझे हात धरले. म्हणाल्या, 'मला एकटीला टाकून जाऊ नकोस. मी आहे तोवर डिली तुझ्या नजरेआड होणार नाही.' मला त्यांची दया आली. मी राहिलो. आणि आज तुम्ही इथं टाळ्या वाजवत होतात, तेव्हा माझी पोर बेड्यांत जॉर्जियाची वाट चालत होती."

हसरे चेहरे उतरले. सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. म्हातारे पाद्री उठून उभे राहिले.

"बाईसाहेब, हे खरं आहे?"

गोऱ्यांविरुद्ध गुलामाची साक्ष कुठलंच कोर्ट धरत नव्हतं. पण बाईसाहेबांचा एक 'हो' पुरे होता. आत्ता घोडेस्वार सुटले असते, तर तो व्यापारी नदीच्या अलीकडेच सापडला असता.

बाईसाहेब उठल्या. पायऱ्या चढून वर आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी काही खोटं नव्हतं. त्यांनी आयशमच्या खांद्यावर हात ठेवला.

"याला माफ करा हं," त्या लोकांना म्हणाल्या. "पोर वारली ना याची. तेव्हापासून असंच काहीबाही बोलतो बिचारा."